भुंडा घोडा

तुम्ही सायकलवर आहात. समोरून कोळशाचा ट्रेलर येतो. तुम्ही सायकल रस्त्याखाली उतरवता, दुपट्टा नाकाला लावता आणि धूळ बसायची वाट पाहता. त्या ट्रेलरचे ब्रेक लागतात की नाही, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का?

मला विचारलं असतं तर मी "लागतात" म्हटलं असतं. खोटं बोललो असतो. भीतीनं.

ही भीती मला शेठच्या यार्डात, कोळशाच्या गाड्या उभ्या राहतात तिथं, शिकवली गेली. भर दुपारी, सगळ्यांसमोर.

शेठ कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. आम्ही गाडीमालक उन्हात उभे होतो. मालक म्हणजे नावाचे मालक. एकेक गाडी, तीही जुनी, आणि स्टिअरिंगवर आपणच. डिझेल वाढलं होतं, टायर वाढले होते. भाडं तेच होतं. सगळे आपसात कुरकुरत होते. चहाच्या टपरीवर तर नुसती गर्जना चालायची. शेठसमोर आल्यावर सगळ्यांना खोकला आला.

मी बोललो. एवढंच बोललो, "शेठ, डिझेल वाढलं. भाड्याचं का ते पाहा."

"कोण बोलला?"

"मी."

"कुठचा रे तू?"

मी गाव सांगितलं. गोंडपिपरीकडचं, वैनगंगेच्या काठचं. मग त्यानं आडनाव विचारलं. गाव आणि आडनाव कळलं की आमच्याकडे पुढचं विचारावं लागत नाही.

"ढिवर का?" ढिवर म्हणजे मासे धरणारे, डोंगा चालवणारे.

"हो."

"मंग डोंगा चालव ना बाबू. त्याले डिझेल नाई लागत."

लोक हसले. मारोतीभाऊ हसला. मारोतीभाऊ माझ्याच बाजूच्या गावचा, धान करणाऱ्या घरातला, वयानं मोठा. मला हा धंदा त्यानंच दाखवला. तो हसला याचं मला वाईट वाटलं नाही. तो हसला नसता तर शेठनं त्याच्याकडे पाहिलं असतं.

मग शेठ म्हणाला, "उतरव याचा ट्रेलर."

हे काय असतं ते सांगतो. आमच्या गाडीचे दोन भाग असतात. पुढचा भाग इंजिनाचा, केबिनचा. त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागं माल भरायचा ट्रेलर. तो एका जाड पिनेनं घोड्याला अडकवलेला असतो. आमच्यासारख्यांची ऐपत घोड्यापर्यंतच असते. ट्रेलर शेठचा. आम्ही तो किरायानं घेतो. कोळशाचं कामही शेठचंच. म्हणजे आम्हाला भाडं किती द्यायचं हे तोच ठरवतो, आणि त्या भाड्यातून किराया किती कापायचा हेही तोच. दोन्ही हात त्याचे. मान मधे आमची.

भाडं टनावर मिळतं. वाढवून मागितलं की यार्डातलं उत्तर ठरलेलं, "रेट नाई वाढत. दोन टन जास्त भर." आम्ही जास्त भरतो. ट्रेलर दबतो, ब्रेक झिजतात. ते बदलायचे आम्हीच, कारण किरायाच्या काळात दुरुस्ती किरायदाराची. यार्डातला हा नियम कुठं लिहिलेला नाही. पण सगळ्यांना पाठ आहे.

आणि दुसरी रीत अशी, की जो तोंड उघडेल त्याचा ट्रेलर उतरवायचा. त्यानं स्वतः उतरवायचा. ट्रेलरला पुढच्या बाजूला दोन लोखंडी पाय असतात. हँडल फिरवून ते जमिनीला टेकवायचे, हवेचे पाइप काढायचे, पिन सोडायची आणि घोडा पुढं काढायचा. मग तो रिकामा घोडा गेटजवळ, मुतारीच्या भिंतीला लावून उभा करायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. याला यार्डात भुंडा करणं म्हणतात. शिंगं नसलेला बैल भुंडा असतो, तसा.

मी हँडल फिरवायला लागलो. ते जड असतं. घाम डोळ्यांत जात होता. मागून कुणीतरी म्हणालं, "जाळं ओढ, जाळं." पुन्हा हसू. पाय टेकले. मी उठलो.

शेठ म्हणाला, "हँडल धू."

मला समजलं नाही.

"पाणी घे अन् हँडल धू. मासोळीचा वास लागला असन त्याले. उद्या दुसऱ्याले धरायचं हाये."

मी टाकीवरून डबाभर पाणी आणलं. हँडल धुतलं. शेठ म्हणाला, "घासून." मी घासून धुतलं.

माझी माय बाजारात मासे विकते. तिनं त्याच हातांनी मला भरवलं. हँडल धुताना मला तिचा चेहरा आठवायला हवा होता, राग यायला हवा होता. तसं काही झालं नाही. मनात एकच होतं, आता ट्रेलर परत मिळेल का. राग नंतर आला. भीती आधी येते, आणि सगळी जागा व्यापून बसते.

माझा मामा सभांना जायचा आणि पत्रकं आणायचा. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावर. "उठा", "जागे व्हा", "भिऊ नका". मोठ्या अक्षरांत असायचं म्हणून वाचायला सोपं जायचं. मी शाळेत भाषणं केली, ओट्यावर उभा राहून पोरांना सांगितलं, भिऊ नका. पण भुंडा घोडा मुतारीजवळ उभा असताना, आणि आपण त्याच्या सावलीत बसून डबा खात असताना, कसं भिऊ नये, ते एकाही पत्रकात नव्हतं.

घोडा एकटा काही कामाचा नसतो. त्यात माल भरता येत नाही, त्यानं शेत नांगरता येत नाही. त्याला नुसतं पुसता येतं. मी रोज पुसत होतो. माझ्यासोबत कुणी चहा पीत नव्हतं. मारोतीभाऊ एकदा लघवीच्या निमित्तानं आला आणि भिंतीकडे तोंड करून बोलला, "माफी मागून घे बाबू. बोलाले का लागते? तोंड हलवाचं अन् मनात शिव्या देयाच्या. आम्ही तेच करून राह्यलो."

मी माफी मागितली.

शेठनं ट्रेलर दिला. आधीचा नाही. मागच्या रांगेतला, झुडपं वाढलेल्या कडेचा. जोडताना मी खाली वाकून पाहिलं. मागच्या चाकांचे हवेचे पाइप, ज्यांतल्या हवेवर ब्रेक लागतात, कापलेले होते. त्यांच्या तोंडात बोल्ट ठोकून वर क्लिपा आवळल्या होत्या. ब्रेकमधून हवा गळायला लागली की असं करतात. दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणं स्वस्त. हवा गळत नाही, गाडी चालते. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत. थांबवायचं सगळं काम एकट्या घोड्यानं करायचं.

मी यार्डातल्या मिस्त्रीला बोल्ट दाखवला. तो म्हणाला, "सारेच तसे हायेत भाऊ. हळू चालव."

रिकामी गाडी हळू चालवता येते. भरलेली गाडी उतारावर आपण चालवत नाही, ती आपल्याला चालवते. तुम्ही पायानं ब्रेक दाबता, घोडा थांबू पाहतो, आणि मागचा कोळसा थांबत नाही. तो पाठीला धक्का देतो. आधी हळू. मग जोरात. घोड्याची मान वाकडी व्हायला लागते. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये येतो. मी त्या वासानं घरीही दचकायला लागलो. मायनं चुलीवर काही करपवलं की माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. जेवताना. माय म्हणाली, "का दाबून राह्यला रे? पाटाले ब्रेक हाये का?" मी हसलो. तिला सांगितलं नाही.

कोळसा रेल्वेत चढतो त्या सायडिंगच्या वाटेवर जंगलात एक उतार आहे. खाली वळण, वळणानंतर नाल्यावरचा अरुंद पूल. त्या उताराआधी मी रोज पाणी प्यायचो. तोंड कोरडं पडायचं म्हणून. पाणी पिऊनही कोरडंच राहायचं.

मोहफुलांचे दिवस होते. सकाळी बाया झाडाखाली फुलं वेचतात आणि उन्हाआधी टोपल्या भरून परततात. त्या दिवशी वळणावरून मला पूल दिसला आणि पुलावर बाया दिसल्या. डोक्यावर टोपल्या. बोलत चालल्या होत्या.

मी ब्रेक दाबला. घोडा दबला. ट्रेलर दबला नाही.

मी हॉर्न दाबून धरला. गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. मागून धक्का आला. पुन्हा आला. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते माहीत नाही. केबिनमध्ये ओरडून बाहेर काय ऐकू जाणार? बायांनी मागं पाहिलं. त्या पळाल्या, पण पुलावर पळायला जागा किती असते? एकीची टोपली पडली. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि पुलाआधीच्या मुरमाच्या दरडीला गाडी घासत नेली. लोखंड आणि दगड. दार चेपलं, आरसा गेला. पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली.

कुणी मेलं नाही.

मी खाली उतरलो आणि चाकाला धरून उभा राहिलो. एक म्हातारी बाई तरातरा आली. तिच्या टोपलीतली फुलं माझ्या चाकाखाली होती.

"दारू पेऊन चालवतं का रे, मुडद्या?"

"नाई, बाई."

"तोंड उघड."

मी तोंड उघडलं. तिनं टाचा उंचावून वास घेतला. दारू नव्हती.

"झोप लागली होती?"

"नाई."

"मंग काऊन?"

ब्रेक लागत नाहीत हे मला माहीत होतं. आजच नाही, पहिल्या खेपेपासून माहीत होतं. ते मी तिला कसं सांगू? मी खाली बसून फुलं उचलायला लागलो. तिनं माझा हात झटकला. "राहू दे. तुह्या हाताले तेल हाये." ती स्वतः वेचायला बसली. चिरडलेली बाजूला, चांगली टोपलीत. बाकीच्या बाया लांब उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. जंगलात अस्वल दिसलं की असंच पाहतात.

शेठच्या शिव्यांनी मला लाज वाटली होती. या बायांच्या नजरेनं मला कळलं की मी कुणाच्या बाजूनं उभा आहे. माझ्या पायाखाली घोडा, मागं शेठचा ट्रेलर, आणि समोर माझ्या मायसारख्या बाया. मी त्यांच्यावर चाललो होतो.

खेप पोचवली आणि यार्डात आलो. शेठ कडुलिंबाखालीच होता. मी सांगितलं. पूल, बाया, दरड, पाइपातले बोल्ट. मी सांगत असताना तो फोन पाहत होता.

"मेलं का कोणी?"

"नाई."

"मंग?"

"ब्रेक करून द्या शेठ. नाई तं दुसरा ट्रेलर द्या."

"ब्रेक करायचे तुह्या खर्चानं. अन् दार चेपलं ते तुह्यं, पण ट्रेलरचा पत्रा घासला तो माहा. त्याचे पैसे कापीन." मग त्यानं वर पाहिलं. "मासोळीवाल्याले पाण्याचीच सवय. उतार दिसला का फाटते तुमची. खेप मारतं का भुंडा करू?"

"मारतो," मी म्हणालो.

खोटं नव्हतो बोलत. मी खरंच मारणार होतो. खाणीत गेलो, रांगेत लागलो, कोळसा भरला. नेहमीसारखा जास्त. परत येऊन काट्यावर चढलो. काटा म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन करायची जागा, यार्डाच्या गेटजवळच. तिथून पुढं उतारच. माझ्यामागं गाड्यांची रांग होती, मारोतीभाऊ सगळ्यात जवळ.

वजन झालं. पावती हातात आली. मी पाण्याची बाटली उघडली. तोंड कोरडं. आणि त्या म्हातारीचं "काऊन?" आठवलं. मला उत्तर माहीत होतं. कारण मी भितो. पण आता मला दोन भीती होत्या. एक शेठची, एक पुलाची. दोन्ही तोलल्या. पुलाची जड निघाली.

मी गाडी काट्यावरून पुढं, सिमेंटच्या फरशीवर घेतली. खाली उतरलो आणि हँडल फिरवायला लागलो.

मारोतीभाऊ खिडकीतून ओरडला, "काऊन उतरवून राह्यला? कोण म्हणलं तुले?"

"कोणी नाई."

"मंग?"

"मीच म्हणलं."

यार्डात असं कधी झालं नव्हतं. ट्रेलर उतरवायचा तो शेठनं सांगितल्यावर. भरलेला ट्रेलर आपल्या मनानं कुणी उतरवत नाही. मारोतीभाऊ धावत आला, माझं मनगट धरलं. "पागल झाला का बे? जोड, जोड! अजून कोणी पाह्यलं नाई. लग्न कराचं हाये तुले." मी दुसऱ्या हातानं हँडल फिरवत राहिलो.

"भाऊ, तुमच्या पाइपात बोल्ट हाये का?"

त्यानं माझं मनगट सोडलं.

पाय टेकले. मी पाइप काढले, पिन सोडली. तोवर गेटवरचा माणूस आला, मागोमाग शेठ. शेठला मी प्रथमच उन्हात पाहिलं.

"का करून राह्यला रे?"

मी म्हणालो, "हा ट्रेलर मी ओढत नाई. याचे ब्रेक लागत नाईत."

मोठ्या आवाजात म्हणायचं होतं. आवाज बारीक निघाला. पण मागची रांग बंद उभी होती, इंजिनं थंड होती, ऐकू गेलं.

"तुले या जिल्ह्यात ट्रेलर भेटणार नाई."

"नाई भेटला तं नाई."

मी घोड्यात चढलो आणि गेटबाहेर निघालो. मुतारीच्या भिंतीशी थांबलो नाही. लांब गेल्यावर, साग लागले तिथं, गाडी कडेला घेतली. माझी पँट ओली होती. कधी झाली ते कळलं नव्हतं. हे मी लिहितो, कारण पत्रकांत हे लिहीत नाहीत. ज्यांनी नकार दिला त्यांच्या पँटी कोरड्याच होत्या असं वाचून आपल्याला वाटतं. मग आपली ओली झाली की आपण म्हणतो, हे आपलं काम नाही.

त्यानंतर शेठचं बोलणं खरं झालं. कुणी ट्रेलर देत नाही. एकानं खुर्ची दिली, चहा दिला, मग फोन आला आणि त्याचा ट्रेलर अचानक दुसऱ्याला कबूल केलेला निघाला. घोडा आमच्या तळ्याच्या पाळीवर उभा आहे. मी ब्रेकची तक्रार दिली, तशी दोन माणसं मोटरसायकलवर गावात येऊन गेली. मायकडून मासे घेतले, भाव केला नाही, आणि म्हणाली, "पोराले समजाव बाई. रस्त्यावर का बी होते." मायनं मासे कापून दिले. घरी आल्यावर तिनं मला सांगितलं. मी म्हणालो, "तक्रार मागे घेऊ का?" ती म्हणाली, "त्या पुलावर मी असती तं?" मग म्हणाली, "मोटरसायकलीचा आवाज आला का मले आता भेव वाटते." मलाही वाटतं. हे लिहितानाही रस्त्यावर एक गेली. मी पेन खाली ठेवलं होतं.

म्हणून इथं मी माझं नाव लिहिलेलं नाही. तक्रारीवर मात्र लिहिलं आहे, पूर्ण. परिवहनच्या ऑफिसात ती मी दिली. तिथल्या साहेबांनी वाचली आणि म्हणाले, यार्डात येऊन ट्रेलर तपासू. कधी ते सांगितलं नाही. मला सांगणार नाहीत. शेठला कळेल.

तेव्हा काय होणार हे तुम्हा घोडेवाल्यांना माहीत आहे, मलाही. चांगले ट्रेलर पुढं लागतील. बोल्टवाले सकाळीच मागच्या वाटेनं जंगलाच्या कडेला नेऊन लावतील. नेणारे आपणच असू, आपल्याच घोड्यांना जोडून. साहेब पुढची रांग पाहतील, चहा पितील आणि लिहितील, तक्रारीत तथ्य नाही. मग मी खोटा. मग पुलावरच्या बाया खोट्या.

मी मागे हटणार नाही. भीती जाईल असं मी म्हणत नाही. ती राहू दे. ती घेऊन मी गेटवर येणार आहे, भुंडा घोडा घेऊन. पण माझ्याकडे दाखवायला ट्रेलर नाही. तो तुमच्याकडे आहे.

ज्यांनी कोळसा ओढला आहे, त्या प्रत्येक घोडेवाल्याला माझी एक मागणी आहे. साहेब येणार असले की यार्डात सकाळपासून टँकरनं पाणी मारतात, धूळ बसावी म्हणून. तेवढी खूण पुरे. ते पाणी दिसलं की आपला ट्रेलर जंगलाकडे नेऊ नका. गेटासमोर रांगेत लावा. मारोतीभाऊ, तुम्हीसुद्धा. भाषण करू नका, घोषणा देऊ नका. फक्त खाली उतरा, मागच्या चाकाजवळ उभे राहा, आणि साहेब आले की म्हणा, "साहेब, याच्या बी खाली वाकून पाहा."